न्यूमोकोकस

न्यूमोकोकस (शास्त्रीय नाव: स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए) हा मानवाच्या वरच्या श्वसनमार्गात राहणारा एक जीवाणू आहे. नाकाच्या पोकळीमागे आणि पडजिभेच्या वर असलेला जो भाग नासाग्रसनी या नावाने ओळखला जातो, ते त्याचे नेहमीचे वसतिस्थान होय. बहुतेक वेळा तो तेथे आठवडेच्या आठवडे राहतो आणि ज्याच्या नाकात तो राहतो त्याला त्याची जाणीवही होत नाही. मात्र हाच जीवाणू तेथून मध्यकर्णात, सायनसमध्ये, फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात पोहोचला तर कान फुटण्यापासून मृत्यूपर्यंत काहीही घडू शकते. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ साली जगातील पाच वर्षांखालील (एचआयव्हीची लागण नसलेली) सुमारे २ लाख ९४ हजार बालके न्यूमोकोकसजन्य आजारांनी दगावली. त्यांत भारतातील बालकांची संख्या सर्वाधिक होती. २००० साली जागतिक आकडा याच्या दुपटीच्या आसपास होता. मधल्या काळात जी घट झाली तिला उपचारांची वाढलेली उपलब्धता आणि लस ही दोन्ही कारणे आहेत.

आनुवंशिकतेचा वाहक पदार्थ डीएनए आहे, हे प्रथम याच जीवाणूवरील प्रयोगांतून कळले. त्यामुळे वैद्यकाइतकेच जीवशास्त्राच्या इतिहासातही न्यूमोकोकसला स्थान आहे.

नाव

ग्रीक भाषेत ‘न्यूमोन’ म्हणजे फुप्फुस आणि ‘कोकोस’ म्हणजे दाणा. मराठी शास्त्रीय लेखनात दाण्यासारख्या गोल जीवाणूंना गोलाणू आणि काडीसारख्या जीवाणूंना दंडाणू म्हणतात. न्यूमोकोकस हे नाव १८८६ साली आल्बर्ट फ्रेंकेल या जर्मन वैद्याने रूढ केले. पुढे जोडीने आढळतो म्हणून त्याला ‘डिप्लोकोकस’ म्हटले गेले आणि द्रव माध्यमात वाढताना तो साखळ्या करतो म्हणून १९७४ मध्ये त्याची गणना स्ट्रेप्टोकोकस या प्रजातीत झाली.

न्यूमोनिया हे रोगाचे नाव आहे आणि न्यूमोकोकस हे जीवाणूचे, हा भेद विद्यार्थ्यांनी आरंभीच लक्षात ठेवावा. या दोहोंची गल्लत उत्तरपत्रिकांत फार आढळते. न्यूमोनिया इतर अनेक जीवाणूंमुळे व विषाणूंमुळेही होतो, आणि न्यूमोकोकस न्यूमोनियाखेरीज इतर अनेक रोगांना कारण होतो. त्याच्या अस्तित्वाचा बहुतांश काळ तर तो कोणताच रोग घडवत नाही. ‘फुप्फुसाचा दाणा’ हे त्याचे नाव त्याच्या घरावरून पडलेले नाही, त्याच्या गुन्ह्यावरून पडलेले आहे.

स्वरूप

सूक्ष्मदर्शकाखाली न्यूमोकोकस जोडीजोडीने दिसतो. जोडीतील प्रत्येक पेशी पूर्ण गोल नसून बाहेरच्या टोकाला किंचित निमुळती असते. तिचा व्यास एका मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. ग्रॅमच्या रंजनपद्धतीत तो जांभळा रंग धरून ठेवतो. रक्त मिसळलेल्या पोषक माध्यमावर वाढवल्यास त्याच्या वसाहतींभोवती हिरवट वलय उमटते. हा जीवाणू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे रूपांतर होऊन हा रंग येतो. घशातील इतर निरुपद्रवी गोलाणूही असेच हिरवे वलय देतात. म्हणून प्रयोगशाळेत आणखी दोन परीक्षा घेतात: न्यूमोकोकस पित्तक्षारांत विरघळतो, आणि ऑप्टोचिन या द्रव्याच्या चकतीभोवती तो वाढत नाही.

वसाहत जुनी झाली की तिचा मधला भाग खचून खोलगट होतो, कारण या जीवाणूजवळ स्वतःचीच पेशीभित्तिका मोडणारे विकर असते. वाढ थांबली की तो स्वतःचाच अंत करतो.

त्याचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे पेशीभोवतीचे शर्करामय कवच. बहुशर्करांच्या लांब साखळ्यांनी ते बनलेले असते. या शर्करांच्या रचनेनुसार न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. १४, १९अ, २३फ अशा क्रमांकांनी त्यांचा उल्लेख होतो. कवच नसलेला न्यूमोकोकस रक्तात टिकत नाही. श्वेतपेशी त्याला तत्काळ गिळून टाकतात. कवच असले की श्वेतपेशींना पकड मिळत नाही. एका प्रकारच्या कवचाविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारच्या कवचावर सहसा चालत नाहीत, आणि या एका गोष्टीत लसनिर्मितीतील साऱ्या अडचणींचे मूळ आहे.

नाकातील वस्ती

वरचा श्वसनमार्ग म्हणजे नाक, त्याला जोडलेले सायनस, नासाग्रसनी आणि घसा. हा सारा प्रदेश सूक्ष्मजीवांनी भरलेला आहे, पण तेथील वस्ती सर्वत्र सारखी नाही. नाकपुडीच्या तोंडाशी त्वचेवर राहणारे जीवाणू असतात; साधारण चौथाई प्रौढांच्या नाकपुडीत स्टॅफिलोकोकस ऑरियसही सापडतो. घशात हिरवे वलय देणारे गोलाणू आणि नायसेरिया कुळातील जीवाणू असतात. या दोहोंच्या मधल्या नासाग्रसनीत न्यूमोकोकससोबत हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, मोराक्सेला कॅटॅऱ्हालिस, कोरिनेबॅक्टेरियम आणि डोलोसिग्रॅन्युलम हे शेजारी असतात. हे शेजारी एकमेकांशी नेहमीच सलोख्याने वागतात असे नाही. न्यूमोकोकसचे हायड्रोजन पेरॉक्साइड आसपासच्या काही जीवाणूंना मारक ठरते. उलट, उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की हिमोफिलसच्या उपस्थितीने श्वेतपेशी जमा होतात आणि त्यांच्या तावडीत न्यूमोकोकसच सापडतो.

नवजात बालकाच्या नाकात न्यूमोकोकस नसतो. तो पहिल्या काही महिन्यांत येतो, बहुधा घरातील थोरल्या भावंडाकडून. अंगणवाडीच्या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. गरीब देशांत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या नाकात कोणत्याही एका वेळी तो आढळतो. प्रौढांत हे प्रमाण पुष्कळच कमी असते. एक प्रकार काही आठवडे किंवा महिने राहतो, शरीराची प्रतिकारव्यवस्था त्याला हळूहळू हुसकावून लावते आणि काही दिवसांत दुसरा प्रकार येऊन ठाण मांडतो. एकाच मुलाच्या नाकात एकाच वेळी दोन-तीन प्रकार नांदत असणेही असामान्य नाही. प्रसार होतो तो शिंक, खोकला, लाळ आणि शेंबूड यांतून. मुलाला सर्दी झालेली असली की जीवाणू अधिक संख्येने बाहेर पडतात.

श्लेष्मल आवरणावर टिकून राहणे सोपे नसते. शेंबूड जीवाणूंना चिकटवून धरतो आणि पेशींवरील सूक्ष्म केस त्याला सतत घशाकडे ढकलत राहतात. तेथून तो गिळला जातो. न्यूमोकोकसच्या बहुतेक कवचांवर ऋण विद्युत्भार असतो आणि शेंबडातील द्रव्यांवरही तसाच असतो, त्यामुळे तो शेंबडात अडकून न पडता पेशींपर्यंत पोहोचतो. श्लेष्मल आवरणावर पहारा देणारा जो प्रतिपिंड असतो त्याला तोडणारे विकरही त्याच्याजवळ आहे. कवचाची जाडी तो कमीअधिक करू शकतो: पेशींना चिकटून राहायचे तर कवच पातळ असणे सोयीचे, आणि रक्तात तग धरायचा तर जाड असणे आवश्यक.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मेंदूज्वर झालेल्या बालकाच्या मेंदूच्या आवरणातून या जीवाणूला बाहेर पडण्याचा आणि दुसऱ्या माणसापर्यंत जाण्याचा मार्ग नसतो. रोगी दगावला तर त्याच्यासोबत तोही संपतो. त्याचा वंश चालतो तो नाकातून नाकात. म्हणजेच न्यूमोकोकसच्या दृष्टीने गंभीर रोग हा चुकलेला रस्ता आहे. ज्या गुणांनी तो नाकात टिकतो त्याच गुणांमुळे भलत्या जागी तो घातक ठरतो.

शोध

या जीवाणूचा शोध आजारी फुप्फुसात लागलेला नाही, लाळेत लागला. अमेरिकी सैन्यातील वैद्य जॉर्ज मिलर स्टर्नबर्ग यांनी १८८० साली न्यू ऑर्लिन्स येथे स्वतःची लाळ सशांना टोचली आणि ते ससे मेले. स्टर्नबर्ग स्वतः मात्र ठणठणीत होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी अलर्काने, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाने, मरण पावलेल्या मुलाची लाळ सशांना टोचली. पाश्चर शोधत होते अलर्काचे कारण. हाती आला तो जोडीने राहणारा एक गोलाणू. दोघांनी १८८१ मध्ये आपापली निरीक्षणे प्रसिद्ध केली. निरोगी माणसाच्या तोंडातील रहिवासी सशाला मारू शकतो, हा त्या काळाला चकित करणारा निष्कर्ष होता.

फुप्फुसाशी त्याचा संबंध पुढच्या पाच वर्षांत जोडला गेला, आणि तो वादाविना जोडला गेला नाही. बर्लिनमधील कार्ल फ्रीडलेंडर यांनी न्यूमोनियाचे कारण म्हणून ज्या जीवाणूचा पुरस्कार केला तो आज क्लेब्सिएला म्हणून ओळखला जाणारा दंडाणू होता. फ्रेंकेल यांचे म्हणणे गोलाणूच्या बाजूने होते. न्यूमोनियाच्या बहुतांश रोग्यांबाबत फ्रेंकेल बरोबर ठरले, जरी फ्रीडलेंडर यांचा दंडाणूही कधीकधी न्यूमोनिया घडवतो. याच फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करत असताना हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये फुप्फुसाच्या ऊतीतील जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून एक रंजनपद्धती शोधून काढली. न्यूमोकोकस तो रंग धरून ठेवतो, फ्रीडलेंडर यांचा दंडाणू सोडून देतो. आज जगातील प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात ज्या पद्धतीने होते ती या वादाच्या सावलीत जन्मली.

१९०२ मध्ये फ्रेड नॉयफेल्ड यांनी दाखवले की योग्य प्रतिपिंडयुक्त रक्तद्रव मिसळला की न्यूमोकोकसचे कवच फुगल्यासारखे दिसते. यामुळे प्रकार ओळखण्याची सोय झाली. ती केवळ वर्गीकरणाची हौस नव्हती. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात न्यूमोनियावर घोड्याच्या रक्तद्रवाचा उपचार करीत, आणि एका प्रकाराचा रक्तद्रव दुसऱ्यावर निरुपयोगी असे. रोगी तापाने फणफणत असताना आधी त्याच्या बेडक्यातील जीवाणूचा प्रकार शोधावा लागे. १९३० च्या दशकाअखेरीस सल्फा औषधे आली आणि हा खटाटोप संपला.

ग्रिफिथ आणि एव्हरी यांचे प्रयोग

फ्रेडरिक ग्रिफिथ हे ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाच्या लंडनमधील प्रयोगशाळेत काम करणारे वैद्य होते. आनुवंशिकतेचे गूढ उकलण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. न्यूमोनियाच्या एकाच रोग्याच्या बेडक्यात वेळोवेळी न्यूमोकोकसचे निरनिराळे प्रकार का सापडतात, हा त्यांचा साधा, साथरोगशास्त्रातील प्रश्न होता.

त्यांनी दोन वाण घेतले. एक तिसऱ्या प्रकारचा, कवचधारी. त्याच्या वसाहती गुळगुळीत दिसतात आणि तो उंदराला मारतो. दुसरा मूळ दुसऱ्या प्रकारातून निघालेला, कवच गमावलेला. त्याच्या वसाहती खडबडीत दिसतात आणि तो उंदराला काही करत नाही. कवचधारी जीवाणू उष्णतेने मारून टोचले तर उंदीर जगतो, हे अपेक्षितच होते. पण मारलेले कवचधारी आणि जिवंत कवचहीन असे दोन्ही एकत्र टोचले तेव्हा उंदीर मेले. त्यांच्या रक्तात जिवंत न्यूमोकोकस सापडले, आणि ते कवचधारी होते.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. मेलेले जीवाणू पुन्हा जिवंत झाले, असे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. कवचहीन जीवाणूंनी आपले जुने कवच परत मिळवले, असेही म्हणता येईल. पण तसे असते तर ते कवच दुसऱ्या प्रकारचे असते. सापडले ते तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे मेलेल्यांचे. शिवाय पुढच्या पिढ्यांतही ते टिकून राहिले. मृत जीवाणूंकडून जिवंत जीवाणूंकडे काहीतरी गेले होते आणि ते वंशपरंपरेने चालणारे होते. ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे त्यांना सांगता आले नाही. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील ऑस्वल्ड एव्हरी यांनी आपले बहुतेक आयुष्य न्यूमोकोकसच्या अभ्यासात घालवले होते. कवच शर्करेचे असते हे १९२३ मध्ये त्यांनीच मायकेल हायडेलबर्गर यांच्यासह दाखवले होते. प्रकार बदलतो यावर त्यांचा आरंभी विश्वास बसेना. त्यांच्याच प्रयोगशाळेत हे रूपांतर आधी परीक्षानळीत आणि नंतर पेशी गाळून काढलेल्या अर्काने घडवून दाखवण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या अर्कातील कर्तृत्व कोणाचे हे शोधायचे ठरवले. कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह त्यांनी अर्क टप्प्याटप्प्याने शुद्ध केला. प्रथिने पचवणाऱ्या विकरांनी त्याची शक्ती गेली नाही. आरएनए मोडणाऱ्या विकरानेही गेली नाही. डीएनए मोडणाऱ्या विकराने ती नाहीशी झाली. १९४४ च्या फेब्रुवारीत हा निबंध प्रसिद्ध झाला. जनुके प्रथिनांची असावीत असा त्या काळचा बहुमान्य समज होता, आणि डीएनए हे एकसुरी, कंटाळवाणे द्रव्य मानले जाई. त्यामुळे अनेकांना हा निष्कर्ष पटायला वेळ लागला. एव्हरी यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. नोबेलच्या इतिहासातील ठळक चुकांत हिची गणना होते, आणि ती योग्यच आहे.

हे रूपांतर प्रयोगशाळेपुरते नाही. बालकांच्या नाकात अनेक वाण शेजारी राहतात, त्यांतील काही मरतात, आणि त्यांचे डीएनए इतर उचलतात. गर्दी वाढली की जीवाणू एक लहान प्रथिनांश बाहेर सोडतात. तो संकेत मिळताच पेशी बाहेरचे डीएनए आत घेण्यास सिद्ध होतात. त्याच वेळी त्या सिद्ध न झालेल्या भाऊबंदांना फोडणारी द्रव्येही सोडतात आणि त्यांच्या डीएनएचा लाभ घेतात.

प्रतिजैविकांना प्रतिकार

पेनिसिलिन आल्यावर न्यूमोकोकस हा जवळजवळ जिंकलेला शत्रू मानला गेला. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला दाद न देणारा वाण एका रोग्यात सापडला. १९७७–७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान व जोहान्सबर्ग येथे अनेक औषधांना न जुमानणारे वाण आढळले. इतर काही जीवाणू पेनिसिलिन मोडणारे विकर तयार करतात. न्यूमोकोकसची रीत वेगळी आहे. पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधणाऱ्या ज्या प्रथिनांना चिकटते, त्या प्रथिनांचाच आकार त्याने बदलला. त्यासाठी लागणारे जनुकांचे तुकडे त्याला घशातील निरुपद्रवी नातलगांकडून, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोकोकस मायटिसकडून, मिळाले. प्रतिकारक वाणांतील ही जनुके गोधडीसारखी ठिगळाठिगळांनी जोडलेली दिसतात. ग्रिफिथ यांच्या उंदरात जे घडले तेच येथे माणसाच्या घशात घडले.

म्हणूनच साध्या सर्दीपडशासाठी प्रतिजैविके घेणे केवळ निरुपयोगी नसते. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर या औषधांचा काही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो नाकात शांतपणे राहणाऱ्या जीवाणूंवर. औषधाला बळी पडणारे वाण मरतात, प्रतिकारक वाण उरतात आणि त्यांना मोकळी जागा मिळते. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीला देण्याची घरोघरची सवय या दृष्टीने फार महाग पडते.

रोग

सर्वांत सामान्य आजार मध्यकर्णाचा दाह. नासाग्रसनीपासून मध्यकर्णाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड व आडवी असते, त्यामुळे जीवाणूंना वर चढणे सोपे जाते. पडद्याला भोक पडून कान वाहू लागतो. सायनसदाहाची गोष्ट अशीच आहे.

न्यूमोनियात जीवाणू फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. तेथे रक्तातील द्रव व पेशी भरतात आणि हवेला जागा उरत नाही. प्रौढांत अचानक हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना बरगडीत कळ आणि गंजाच्या रंगाचा बेडका ही याची जुनी, पाठ्यपुस्तकी लक्षणे होत. जीवाणू फुटला की त्यातून न्यूमोलायसिन नावाचे विष बाहेर पडते आणि ते शरीरपेशींच्या पटलाला भोके पाडते. जीवाणू रक्तात गेल्यास रक्तदोष आणि मेंदूच्या आवरणात गेल्यास मेंदूज्वर होतो. मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांना कायमचे बहिरेपण येते.

नाकातील जीवाणू खाली का उतरतो? बहुतेक वेळा आधी विषाणूची वर्दी लागलेली असते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू श्वासनलिकेचे आवरण सोलून काढतो आणि जीवाणूला चिकटायला जागा करून देतो. १९१८ च्या साथीत, जी भारतात मुंबई बंदरातून शिरली, बहुसंख्य मृत्यू विषाणूने एकट्याने घडवलेले नव्हते, तर मागाहून आलेल्या जीवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, असे जतन केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीतून दिसते. धूम्रपान, मद्यपान, कुपोषण, चुलीचा धूर, वार्धक्य, एचआयव्हीची लागण यांनीही धोका वाढतो. प्लीहा नसलेल्यांना तो विशेष असतो, कारण कवचधारी जीवाणू रक्तातून गाळून काढण्याचे काम मुख्यतः प्लीहा करते. सिकलसेल आजारात प्लीहा निकामी होऊ शकते. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार पुष्कळ आढळत असल्याने तेथे ही बाब केवळ पुस्तकी नाही.

बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यास क्ष-किरण यंत्र लागतेच असे नाही. श्वास मोजावा. शांत असलेल्या बालकाचे श्वास मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तातडीने रुग्णालयात न्यावे. या साध्या मोजणीचे बळ किती, हे गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखण्यास व को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध देण्यास शिकवले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, या सेवकांनी हाताळलेल्या ६१२ रुग्णांपैकी ०.८ टक्के बालके दगावली. तुलनेसाठी निवडलेल्या भागात हेच प्रमाण १३.५ टक्के होते. त्या बालकांपैकी किती जणांच्या फुप्फुसात न्यूमोकोकसच होता, हे कोणी तपासले नव्हते, आणि जीव वाचवण्यासाठी ते तपासण्याची गरजही पडली नाही.

लस

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत कामगारांना दाटीवाटीने ठेवले जाई आणि न्यूमोनियाने ते मोठ्या संख्येने मरत. पहिली लस त्यांच्यावर १९११ मध्ये ॲल्म्रोथ राइट यांनी वापरून पाहिली. मारलेल्या संपूर्ण जीवाणूंची ती लस फारशी उपयोगी पडली नाही, कारण प्रकारांचे महत्त्व तेव्हा पुरते कळलेले नव्हते. कवचातील शुद्ध शर्करेची लस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर यशस्वी ठरली, पण तेवढ्यात पेनिसिलिन आले आणि लसीची गरजच नाही असे सर्वांना वाटू लागले. रॉबर्ट ऑस्ट्रियन यांना तसे वाटले नाही. पेनिसिलिन देऊनही आजाराच्या पहिल्या काही दिवसांत मरणारे रोगी वाचत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले, आणि पुन्हा खाण कामगारांतच चाचण्या घेतल्या. १९७७ मध्ये १४ प्रकारांची आणि १९८३ मध्ये २३ प्रकारांची लस मान्य झाली.

या लसीत एक मोठे न्यून होते. दोन वर्षांखालील मुलांचे शरीर शुद्ध शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही, आणि सर्वाधिक मृत्यू तर त्याच वयात होतात. उपाय निघाला तो शर्करेला प्रथिनाशी जोडण्याचा. त्यासाठी अनेक लसींत घटसर्पाच्या विषाचे निर्विष केलेले रूप वापरतात. घशातील एका जुन्या वैऱ्याचे शस्त्र बोथट करून दुसऱ्याविरुद्ध वापरावे, तसाच हा प्रकार. सात प्रकारांची पहिली संयुग्म लस अमेरिकेत २००० साली आली, तेरा प्रकारांची २०१० मध्ये.

संयुग्म लसीचा परिणाम केवळ टोचलेल्या मुलापुरता राहिला नाही. लसीतील प्रकार मुलांच्या नाकातूनच कमी झाले, आणि ज्यांना लस दिलीच नव्हती अशा आजीआजोबांमधील आजारही घटला. नातवंडांकडून त्यांच्याकडे येणारा जीवाणू येईनासा झाला होता.

भारतात ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार व उत्तर प्रदेशच्या काही भागांपासून सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. बालकाला सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात अशा तीन मात्रा शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. परदेशी लसींची किंमत हा दीर्घकाळ मोठा अडथळा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने ‘पाथ’ या संस्थेच्या सहकार्याने तयार केलेल्या दहा प्रकारांच्या न्यूमोसिल या लसीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात उपलब्ध झाली. आशिया व आफ्रिकेतील बालकांत अधिक आढळणारे प्रकार लक्षात घेऊन तिच्यातील प्रकार निवडले आहेत.

लस दिल्याने नाक रिकामे होत नाही. लसीतील प्रकार गेले की त्यांच्या जागी लसीत नसलेले प्रकार येतात. सात प्रकारांच्या लसीनंतर अमेरिकेत १९अ हा प्रकार असाच वाढला आणि त्यात औषधांना दाद न देणारे वाण पुष्कळ होते. तेरा प्रकारांच्या लसीत त्याचा समावेश करावा लागला. नव्याने आलेले प्रकार एकंदरीत कमी घातक असल्याने गंभीर आजारांतील घट टिकून राहिली आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी पंधरा आणि वीस प्रकारांच्या लसी मान्य झाल्या. सर्व प्रकारांत समान असलेल्या प्रथिनांवर आधारलेली एकच लस करण्याचे प्रयत्नही चालू आहेत.